आलं का?

ज्या माणसाने मला घुबड शोधायला शिकवलं, त्याने ते घुबड एकदाही पाहिलेलं नाही. पाहावं असं त्याला कधी वाटलंही नाही. "त्यात बघायचं काय?" अण्णा म्हणायचे. "पंखा दुरुस्त करणारा वारा बघत बसतो का?"

गाव सासवडजवळचं. नाव सांगत नाही, कारण घुबडं अजून तिथंच आहेत आणि घुबडाच्या पत्त्यात रस घेणारी माणसं बहुधा अमावास्येची गिऱ्हाइकं असतात. अण्णांचं खरं नाव सांगण्यातही अर्थ नाही. ते गावातच कुणी वापरत नाही. गाव त्यांना 'आलंका' म्हणतं. "आलंकाच्या दुकानापासून डावीकडं वळा," असा पत्ता सांगतात, आणि माणूस बरोबर पोचतो.

नावामागे इतिहास आहे. पुण्याच्या पंचक्रोशीत टीव्ही आला तो सिंहगडाच्या वाटेने. १९७३ साली गडावरच्या मनोऱ्यातून मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. पुढे ऐंशीच्या दशकात लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळायला लागले तसे आजूबाजूच्या गावांत घराघरावर अ‍ॅल्युमिनियमचे दांडे उगवले आणि सगळ्या दांड्यांची तोंडं गडाकडे. तानाजी मालुसऱ्यांनंतर त्या किल्ल्याकडे इतकं टक लावून कुणी पाहिलं नसेल. हे दांडे चढवायचे आणि फिरवायचे काम अण्णांचं. अण्णा कौलांवर, मालक अंगणात, मालकीण दारात आणि टीव्हीसमोर घरातलं एक जबाबदार पोर, अशी साखळी लागायची.

"आलं का?"

"मुंग्या हायत!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं! मागं घ्या! हां हां, हात काढू नका!"

हात काढला की चित्र जायचं, हे त्या काळातल्या टीव्हीचं जुनं दुखणं. १९८७ साली एका घरी रामायणाचा अख्खा भाग अण्णांनी छपरावर दांडा धरून काढला. खाली पंचवीस-तीस माणसांनी रामायण पाहिलं. अण्णांनी ते ऐकलं. त्याबद्दल त्यांना काडीचंही वाईट वाटलेलं नाही. उलट, "त्या दिवशी आवाज एकदम स्वच्छ होता," असं ते अजून सांगतात.

अशा जातीचा एक माणूस प्रत्येक गावात असतो. लग्नात तो पंगतीला बसत नाही, लाऊडस्पीकरच्या पेटीशेजारी बसतो. कीर्तनात सगळे विठ्ठलात रंगलेले असताना हा माइकच्या शिट्टीवर कान ठेवून असतो, आणि शिट्टी थांबली की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते पहिल्या रांगेतल्या माळकऱ्याच्याही चेहऱ्यावर नसतं. बुवा काय बोलले विचाराल तर सांगता येणार नाही. पण बुवा 'प' म्हणताना माइकवर फुंकतात, हे तो सांगेल.

मग घरोघरी डिश आली. डिश फिरवावी लागत नाही, विचारावं लागत नाही, आणि तिचं तोंड गडाकडे नसून भलतीकडेच आभाळात असतं. अण्णांनी मिक्सर, पाण्याच्या मोटारी, मोबाइलचे चार्जर असं करत दुकान चालू ठेवलं. पण छपरावरचा माणूस जमिनीवर आला तो आलाच.

अशात एक दिवस एक संशोधक मुलगी दुकानात आली. तिच्या हातात तीन आडव्या दांड्यांचा एक अँटेना होता आणि मधला दांडा वायरपाशी सुटला होता. अण्णांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"यागी हाय की. तीन दांड्यांचा. कुठलं स्टेशन लागतं याच्यावर?"

"घुबड," ती म्हणाली.

मी त्या वेळी दुकानात नव्हतो याची मला आयुष्यभर रुखरुख राहील. तिने सांगितलं की अण्णांनी मान वर केली नाही, भुवई उडवली नाही, कपाळाला हात लावला नाही. कथलाची तार शोधत त्यांनी एवढंच विचारलं, "किती मेगाहर्ट्झवर?"

त्या संध्याकाळपासून अण्णा प्रकल्पावर.

प्रकल्प शृंगी घुबडांचा होता. डोक्यावर दोन शिंगांसारखे पिसांचे तुरे, नारिंगी डोळे, किलोच्या वर वजन. हा पक्षी दिवसा ओढ्याच्या घळीत, कपारीत बसून असतो आणि रात्री शेतातले उंदीर-घुशी मारतो. अंजीर-सीताफळाच्या बागायतदारांनी खरं तर त्याला दर दिवाळीला साडी-चोळी करायला हवी. पण गावात घुबड म्हणजे अपशकुन. त्याला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं, पाण्याकाठी रोज थोडा थोडा झिजवतं आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूसही झिजत जातो, असं तिथल्या म्हाताऱ्या शपथेवर सांगतात. प्रकल्पाचा प्रश्न साधा होता: हे पक्षी रात्री जातात कुठे, आणि किती रान वापरतात? त्यासाठी पक्ष्याच्या पाठीवर दप्तरासारखा एक छोटा ट्रान्समीटर बांधायचा. तो एका ठरावीक लयीत 'टुक... टुक... टुक' असा इशारा हवेत सोडत राहतो. आपण खाली अँटेना आणि रिसीव्हर घेऊन तो ऐकायचा. ट्रान्समीटरचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवायचं, असा संशोधकांचा दंडक आहे. आपल्याकडे शाळकरी पोराच्या दप्तराला १० टक्क्यांची सवलत आहे आणि तीही कुणी पाळत नाही.

दर ट्रान्समीटरचा आकडा वेगळा, म्हणून पक्ष्याला नाव नसतं, नंबर असतो. आमच्या मुख्य मादीचा नंबर १५०.४२० मेगाहर्ट्झ. अर्थातच ती 'चारशे वीस' झाली. पक्षी पकडायला आणि त्याच्या अंगाला काही बांधायला वनखात्याची परवानगी लागते, आणि हवेत इशारे सोडणारं यंत्र म्हटल्यावर बिनतारी खात्याचीही. पूर्वी घरच्या रेडिओलाही पोस्टात वर्षाचं लायसन भरावं लागे, ते अण्णांना आठवत होतं. "पण ते ऐकायचं लायसन," ते म्हणाले. "ही बया तर बोलती. म्हंजे आकाशवाणी केंद्रच झालं की."

मी या सगळ्यात शिरलो तो निवृत्त बँकवाला म्हणून. हातात वेळ, गळ्यात महागडी दुर्बीण, आणि वीस वर्षं पक्षी 'बघितल्याचा' माज. पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी दुर्बिणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ती गाडीत ठेवा. एका वेळी एकच गोष्ट धरा."

मग त्यांनी माझ्या हातात अँटेना दिला. मी तो गोल फिरवला. टुक-टुक सगळीकडूनच येत होतं. इकडे जरा मोठं, तिकडे जरा बारीक. जिथे सगळ्यात मोठं वाटलं तिथे मी छाती फुगवून बोट दाखवलं.

"मोठा आवाज ऐकू नका," अण्णा म्हणाले. "मोठा आवाज लई रुंद असतो, त्याला दिशा नसती. तो कुठं मरतो ते ऐका. डावीकडं न्या, न्या... मेला? तिथं खूण. आता उजवीकडं. मेला? खूण. दोन्हीच्या मधोमध पाखरू."

संशोधकांच्या पुस्तकातही हेच लिहिलेलं आहे, पण इतक्या कमी शब्दांत नाही. आवाजाची कळ जवळ गेल्यावर उतरवत जायची, नाहीतर सगळ्या दिशा सारख्याच ओरडतात. मनगट वळवून दांडे आडवे-उभे दोन्ही धरून बघायचे. रिसीव्हर पोटाशी धरून आपल्याच अंगाचा आडोसा करायचा. आणि डोंगराच्या कड्यापासून सावध राहायचं, कारण इशारा कड्यावर आपटून उलटा येतो आणि पक्षी नसलेल्या ठिकाणी पक्षी दाखवतो. हे शेवटचं मला पटेना.

"टीव्हीत डबल चित्र यायचं ते आठवतं का?" अण्णांनी विचारलं. "एक मनोऱ्याकडनं सरळ आलेलं, एक डोंगरावर आपटून उशिरा आलेलं. आमच्या आळीत रावणाला वीस तोंडं होती."

तेव्हा कुठे मला पटलं.

अडचण आली ती होकायंत्रापाशी. दिशा अंशांत लिहायची असते: उत्तर शून्य, पूर्व नव्वद. अण्णांचे आकडे दरवेळी सात-आठ अंशांनी चुकायचे आणि नकाशावर चारशे वीस सरळ कुणाच्या तरी विहिरीत बसलेली दिसायची. चार दिवस गणित तपासल्यावर कळलं की होकायंत्राची सुई अण्णांच्या वरच्या खिशातल्या पकडीकडे ओढली जाते. मुलगी नम्रपणे म्हणाली, "अण्णा, पक्कड काढून ठेवाल का?" अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या बुवांना कुणी माळ काढून ठेवायला सांगावं. शेवटी होकायंत्रच बाजूला पडलं. अण्णांनी स्वतःची पद्धत काढली. त्यांच्या गावावरून सिंहगड बरोबर मावळतीला येतो. हात लांब करून गडापासून बोटं मोजायची. "गडाच्या उजवीकडं चार बोटं." हाताच्या अंतरावर एक बोट म्हणजे अंदाजे दोन अंश, हे मी घरी पट्टी घेऊन तपासलं. अंधारात गड दिसत नाही, पण मनोऱ्यावरचा लाल दिवा दिसतो, आणि तो दिसला नाही तरी अण्णांना फरक पडत नव्हता. चाळीस वर्षं गडाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री झोपेतून उठवलं तरी त्याची मान तिकडेच वळेल. त्यांची बोटं अंशांत बदलून वहीत लिहायची हे माझं काम ठरलं. बँकेत परकीय चलनाचं टेबल सांभाळलं होतं, ते इथे कामाला आलं.

सरावासाठी मात्र घुबडाला रोज छळता येत नाही. म्हणून एक जादा ट्रान्समीटर आम्ही अण्णांच्या चुलतीच्या गावरान कोंबडीला बांधला. आठवडाभर मी ती कोंबडी शोधत होतो. उकिरड्यावर शोधली, कडब्याच्या गंजीत शोधली, एकदा माझ्याच गाडीखाली शोधली. माझे अंश सुधारत होते. मग बाजारच्या दिवशी सकाळी इशारा पूर्वेकडे सरकायला लागला. सरकतच राहिला. कोंबडी इतकी सरळ रेषेत आणि इतक्या वेगाने जात नाही, एवढं पक्षिज्ञान मला होतं.

"एस्टीत बसली," अण्णा म्हणाले.

चुलतीने कोंबडी विकली होती. "तुमचं यंत्र परत द्याल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून यंत्रासकट विकली," असं तिने नंतर सांगितलं. यातलं तर्कशास्त्र मला अजून लागायचं आहे. अण्णांची मोटारसायकल, मागे मी, माझ्या हातात अँटेना. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती, एकाने "केबल का?" असं विचारलंही. सासवडच्या बाजारात शिरल्यावर टुक-टुक चारही बाजूंनी यायला लागलं, कारण लोखंडी शटरांवर, पत्र्यांवर, टेम्पोंवर आपटून इशाऱ्याची नुसती लाही झाली होती. अण्णांनी आवाजाची कळ पार तळाला नेली आणि दगडावर दगड ठेवत जावं तसे एकेक पाऊल पुढे जात एका पाटीपुढे थांबले. पाटीत सात कोंबड्या होत्या. विक्रेत्याने आधी नाही म्हटलं, मग कोंबडीच्या पाठीवरचं यंत्र पाहिलं आणि भाव दुप्पट केला. मशीनवाली कोंबडी, म्हणाला, अशी बाजारात दुसरी नाही. खरंच होतं ते. हिशेबाच्या वहीत तो खर्च मी 'उपकरण दुरुस्ती, १ नग' या सदराखाली टाकला. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही एकमेव अफरातफर.

रात्रीच्या कामात अण्णा खुलायचे. दोन टेकाडांवर दोन तुकड्या, एकाच वेळी दोघांनी दिशा घ्यायची आणि दोन रेघा नकाशावर जिथे छेदतील तिथे पक्षी. पलीकडच्या टेकाडावर मुलगी, इकडे आम्ही. ठरल्या मिनिटाला फोन वाजायचा आणि अण्णा सवयीने पहिलं वाक्य तेच बोलायचे: "आलं का?" ती म्हणायची, "आलं." मग थंडी, बिड्या आणि गप्पा. मी त्यांना यागीची गोष्ट सांगितली: हा अँटेना जपानच्या हिदेत्सुगु यागी आणि शिन्तारो उदा या दोघांनी १९२६ साली काढला. प्रयोगांतला मोठा वाटा उदांचा, पण इंग्रजीत लेख यागींनी लिहिला आणि नाव त्यांचंच चिकटलं. १९४२ साली जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा ब्रिटिशांच्या कागदांत त्यांना 'यागी' हा शब्द सापडला; तो कशाचा, हे जपान्यांनाच कळेना. शेवटी कैद केलेल्या इंग्रज तंत्रज्ञाने सांगितलं की अहो, ते तुमच्याच माणसाचं नाव.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उदाचं पुढं काय झालं?"

दुसरी गोष्ट त्यांना कमी आवडली. अमेरिकेत विल्यम कॉक्रन नावाच्या गृहस्थाने गाडीच्या टपावर अँटेना लावून चिमणीपेक्षा किंचित मोठ्या एका कस्तुराचा पाठलाग केला होता. पाखरू रात्री उडायचं, दिवसा थांबायचं. असं सात रात्री, पंधराशे किलोमीटर, इलिनॉयहून थेट कॅनडात. अण्णांचा प्रश्न होता, "पेट्रोल कुणाचं?"

पण मी त्यांना चकित होताना पाहिलं नाही याचं कारण वेगळं होतं. बोलताना त्यांचा एक कान कायम रिसीव्हरवर असायचा. पक्षी हलला की पाठीवरची तार हलते आणि टुक-टुकची ताकद खालीवर होते. त्यावरून अण्णा सांगायचे: "अंग झाडलं. आता मान फिरवली. उडाली. बसली. काहीतरी धरलं." आणि एकदा पहाटे, अगदी घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं, "आज उपाशी गेली." मी दुर्बिणीने, चांदण्यात, डोळे फोडून जे कधी पाहू शकलो नाही ते त्यांना ऐकू येत होतं. मी त्यांना म्हणालोसुद्धा, एकदा दिवसा घळीपाशी चला, लांबून दाखवतो. डोळे तर असे आहेत की बस्स. अण्णांनी नकार दिला. मला वाटलं, अपशकुनाची भीती. तसं काही नव्हतं. "आपण दगड थोडाच मारलाय," ते म्हणाले. "आपण बॅटरी दिलीय. ती झिजवतीय बिचारी रोज थोडी थोडी." मग जरा थांबून, "पण मग माणूस कोणता झिजणार?" असंही म्हणाले, आणि स्वतःच खोकत हसले.

एकदा मुलीने त्यांना मोबाइलवर नवी तऱ्हा दाखवली. पक्ष्याच्या पाठीवरचं यंत्र उपग्रहाशी बोलतं आणि पक्षी कुठे आहे ते घरबसल्या पडद्यावर येतं. नागालँडहून निघालेले अमूर ससाणे समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरतात, ते २०१३ पासून असंच कळलं आहे. अण्णांनी नकाशावरची ती रेघ पाहिली. "म्हंजे डिशच आली," एवढंच म्हणाले आणि अँटेनाचे दांडे फडक्याने पुसायला घेतले.

चारशे विसाची शेवटची नोंद माझ्या वहीत आहे. बॅटरी संपत आली होती, टुक-टुक क्षीण झालं होतं. त्या रात्री मुलगी पुण्याला गेली होती. अण्णांच्या अंगणात आम्ही दोघं जेवून निघायच्या बेतात असताना रिसीव्हर सहज चालू केला आणि तो किंचाळला. अण्णांनी अँटेना फिरवला. सगळीकडून सारखंच. गड सारखा, उगवत सारखी, गोठा सारखा. कळ उतरवली, तरी तेच. अण्णांनी अँटेना काढून टाकला आणि त्या जागी वायरचा बोटभर तुकडा खोचला. अगदी जवळ आल्यावर असंच करतात. तरी तेच.

मी वर पाहिलं. अण्णांच्या कौलांवर त्यांचा जुना टीव्हीचा दांडा अजून उभा होता. उतरवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्याच्या टोकाला, सर्वांत लांब आडव्या दांडीवर, दोन तुरे. मग मान वळली आणि नारिंगी डोळे सरळ आमच्यावर.

"अण्णा," मी कुजबुजलो, "वर बघा."

"थांबा," ते म्हणाले. त्यांचा कान रिसीव्हरला चिकटला होता, पक्कड दातांत होती. "मशीनला आधी सांगू द्या."

"अण्णा, डोक्यावर बसलीय!"

"मग लिहा. नऊ वाजून चाळीस. दिशा..."

मी वही उघडली. दिशेच्या रकान्यात शून्य ते तीनशे साठ एवढेच अंश लिहायची सोय आहे. 'वर' असा अंश नाही.

"गडापासून किती बोटं?" मी विचारलं.

अण्णांनी पहिल्यांदाच हात लांब केला आणि बोटं आडवी न धरता उभी धरली. एक मूठ, दोन मुठी, तीन, चार. हात डोक्याच्या वर जायला लागला तशी मानही वर यायला लागली. तेवढ्यात दांडा हलला. कसलाही आवाज झाला नाही. घुबडाच्या पंखांना आवाज नसतोच. अण्णांची मान पूर्ण वर पोचली तेव्हा दांड्यावर फक्त चांदणं होतं.

"गेलं," मी म्हणालो.

"व्हय," अण्णा म्हणाले, कान रिसीव्हरवर ठेवूनच. "उगवतीला चाललीय. अंजिराच्या बागेत उतरंल. लिहा."